लाकडी जमिनीवरची पावलं

१

डबा उघडला तेव्हा आत लाल फडकं होतं, फडक्यावर हळदीचे डाग होते, आणि देवी नव्हती.

मालू हे सगळं आमच्या नौपाड्यातल्या स्वयंपाकघरात बसून सांगत होती आणि तिच्या पुढ्यातला चहा गार होत होता. लग्नाआधी ती आमच्या बिल्डिंगखालच्या दवाखान्यात कंपाउंडर होती. माझी ब्लडप्रेशरची गोळी माझ्यापेक्षा तिच्याच जास्त लक्षात असायची. मोहन्याच्या मराठ्याची ही मुलगी कोपरच्या कोळ्याच्या मुलाशी, कान्हाशी, लग्न करून मोकळी झाली तेव्हा दोन्ही घरांनी आकाशपाताळ एक केलं होतं. माहेर पुढे निवळलं. सासू जनाबाई मात्र अजून तिला नावानं हाक मारत नव्हती.

"मुखवटा चांदीचा आहे, काकू. लहान ताटलीएवढा. कान्हाच्या पणज्याच्या आधीपासूनचा. चैत्र पौर्णिमेला पालखीत तोच बसतो. ज्यांच्या घरी मुखवटा, त्यांच्या घराला पालखीचा मान."

"आणि तो गेला कधी?" आमच्या ह्यांनी विचारलं.

हे म्हणजे चांगदेवराव. मी काही नाव घेत नाही, पण गोष्ट सांगायची तर एकदा घ्यावंच लागतं. सगळा जन्म विमा कंपनीचे सर्व्हेयर म्हणून काढला. जळक्या गोदामात राखेत काठी घालून माल खरंच जळला की आदल्या रात्रीच हलवला, हे सांगायचे. निवृत्त झाल्यापासून ती काठी माझ्या डब्यांत फिरते.

"तेच कळत नाही, काका," मालू म्हणाली. "कान्हा जहाजावर सुतार आहे. रजेवर आला आणि म्हणाला, यंदा पालखी घरी येईल तेव्हा लाकडी जमीन दिसली पाहिजे, जहाजावरच्या केबिनीत असते तशी. कारखान्यातून पॉलिश होऊनच येतात ना फळ्या, त्या. घासायचं नाही, रंगवायचं नाही, बसवली की चालायला मोकळे. मी पोटुशी, भुशानं त्रास नको म्हणून मला मोहन्याला पाठवलं. आईंना दमा आहे, त्या गुणाजीकाकांकडे राहिल्या. देवी त्यानंच डब्यात घालून माळ्यावर ठेवली. मी परत आले तेव्हा जमीन खिडकीपर्यंत आली होती. शेवटच्या दोनच ओळी राहिल्या होत्या. काम संपलं, त्यानं सांगितल्यावर मी माळ्यावरून डबा खाली आणला, आईंनी उघडला..."

"आणि डबा तू आणलास म्हणून चोर तू."

"दुपारभर घरात एकटी मीच असायचे. आणि मी बाहेरची." तिनं डोळे पुसले. "पौर्णिमेच्या आत देवी मिळाली नाही तर मला मोहन्याला नेऊन सोडणार आहेत. कायमची."

"कान्हा काय म्हणतो?"

"काहीच म्हणत नाही. रडतो."

मला त्या कान्हाचा असा राग आला की विचारू नका. बायकोवर आळ येतो आणि हा आसवं गाळत बसतो! पण मालूनं माझा हात घट्ट धरला.

"आणखी एक आहे, काकू. हसू नका. जमीन झाल्यापासून रोज दुपारी घरात कुणीतरी चालतं."

२

कोपरचं ते घर खाडीच्या बाजूला, कौलारू, बसकं. आत पाऊल टाकलं आणि मी उंबऱ्यातच थबकले. बाहेर जाळी सुकत होती, सुकटीचा वास होता, आणि आत गडद तांबूस लाकडाची गुळगुळीत जमीन. पायाला गार लागेना, ऊन लागेना. पायाखाली जमीन आहे असंच वाटेना.

जनाबाई पूर्वेच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिथं रिकामा देव्हारा होता. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही.

"हितं माजे सासूचं उखल व्हतं, बाय," ती मला म्हणाली. "जमिनीत पुरलेलं. देवीचे पुढ्यातच मसाला कांडाचा, पहिली चिमूट देवीला. पोऱ्यानी त्याच्यात शिमिट भरलं न वरशी फल्या टाकल्या. सांगितलं व्हतं मी, नको. देवीला आपली जागा गावत नाय आता."

"म्हणजे?"

"बसा. ऐका."

दुपारची जेवणं आटपलेली वेळ. सगळी आळी चिडीचूप. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं, जमिनीवर पसरलं आणि हळूहळू पुढं सरकायला लागलं. मालू भिंतीला टेकून उभी होती. कान्हा घरात नव्हता.

टक.

खिडकीपाशी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची काठी जागेवरच होती.

टक... टक.

कुणी अनवाणी, जपून पाऊल टाकावं तसा आवाज. खिडकीकडून निघाला. खोलीच्या मध्यावर आला. मी बसले होते तिथून वीतभर अंतरावरून पुढे गेला, आणि आई शपथ सांगते, मी पदर आवरून घेतला. तिथं कुणी नव्हतं. फक्त चकचकीत लाकूड, त्यात माझंच पुसट तोंड. पावलं देव्हाऱ्याकडे चालली होती. देव्हाऱ्याच्या अलीकडे, हातभर अंतरावर, एक मोठा आवाज झाला, ठक्, जणू कुणी टाच आपटली. मग काही नाही.

"रोज हितंच थांबते," जनाबाई म्हणाली. "जागा हुडकते न थांबते."

मालू तोंडात पदर घालून रडत होती. मी रामरक्षा सुरू केली होती, ती मधेच विसरले. हे मात्र उठले, पाय न वाजवता देव्हाऱ्यापाशी गेले आणि गुडघ्यावर बसले. भिंतीच्या कडेला, जमीन नि भिंत मिळते तिथं, बारीकशी लाकडी पट्टी ठोकलेली होती. तिच्या खालून तांबड्या मुंग्यांची रांग बाहेर येत होती.

"विमल, चष्मा दे."

मी चष्मा दिला, आणि वाकून पाहिलं, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मुंग्या जमिनीच्या पोटातून काहीतरी ओढून आणत होत्या. तांदळाचे दाणे. हळदीनं पिवळे केलेले.

३

त्या अक्षता पाहून जनाबाईनं जमिनीवर डोकं टेकलं. "ती गेली नाय! ती मना सांगते, मी हाय!" तिचा दमा उसळला, मालू धावत पाणी घेऊन आली, आणि जनाबाईनं तो पेला हातानं दूर सारला. सून तशीच पेला धरून उभी राहिली. मला ते बघवेना.

कान्हा तेवढ्यात आला. उंच, काळासावळा, देखणा गडी, पण डोळे खोल गेलेले. मुंग्या पाहून तो भिंतीला पाठ लावून बसला.

"जमीन तू एकट्यानं केलीस?" ह्यांनी विचारलं.

"हो काका. कुणाला हात लावू दिला नाही. कामाचे दिवस घरात मी एकटाच होतो."

"झोपायचास इथंच?"

"इथंच."

"मग चोर आला कधी?"

"मालू आल्यावर मी बाजारात जायचो की. खिळे, पट्ट्या आणायला. तेव्हाच कधीतरी." हे बोलताना त्यानं बायकोकडे पाहिलं नाही.

"आणि ते उखळ?"

"सिमेंटनं भरून सपाट केलं. अख्खी गोणी गेली त्यात."

हे हूं म्हणाले आणि मागच्या पडवीत हात धुवायला गेले. मीही गेले, एकटीला आत बसवेना म्हणून. पडवीत वल्ही होती, फाटकी जाळी होती, आणि कोपऱ्यात एका गोणीवर कोंबडी अंडं घालून बसली होती. ह्यांनी काठीनं गोणी ठोकली. दगड झाली होती.

"जनाबाई," ह्यांनी आत हाक दिली, "सिमेंटच्या गोण्या किती आणल्या होत्या हो?"

"एक! रिक्षातशी उतरवली ती मीच पायली, गुणाजीकडं निंगताना!"

गोणीचं तोंड अजून सुतळीनं शिवलेलं होतं. मी काही बोलणार, तर ह्यांनी डोळ्यांनी गप्प केलं.

गलका ऐकून गुणाजी आला. हा कान्हाचा चुलता. दोन घरं सोडून राहायचा, गळ्यात सोन्याची जाडजूड साखळी, आवाज असा की पलीकडच्या काठाला जावा. कान्हाच्या घरचा मान सुटला तर तो ह्याच्याच घरी जाणार होता. म्हणजे संशय घ्यायला ह्याच्याइतका सोयीचा माणूस नाही, आणि मी तो घेऊनही टाकला होता.

"बाय, माज्याकडं कशाला बघते?" तो मलाच म्हणाला. "मी त्या दिसांत दर्यावर व्हतो, सगल्या बंदराला ठाव हाय. न चोरी करून मना काय भेटनार? आमचे पाड्याचा रिवाज असा, देवी चोरीला गेली तर घरचा दोष नाय. नवा मुखवटा घडवाचा, त्याच घरात बसवाचा. मान हलत नाय."

"मग मान हलतो कधी?" ह्यांनी विचारलं.

"घरचे हातशी देवी भंगली तर. भंगलेली पूजेला चालत नाय. मंग मान दुसऱ्या घरी, न परत कवाच नाय. माजे आज्याचे येलेला असाच एक घर बसला." त्यानं कानाला हात लावला. "पोरीनी चोरली आसंल तर पोरीला पाठवा न मोकले व्हा. पोऱ्याचा मान तरी राहील."

घरी येताना रिक्षात मी म्हणाले, "हा लबाड आहे."

"हा एकटाच खरं बोलला," हे म्हणाले.

४

दुसऱ्या दिवशी आम्ही नौपाड्यातल्याच एका दुकानात गेलो, जिथून मालूनं नि कान्हानं फळ्या घेतल्या होत्या. परदेशी फळ्या नुकत्याच यायला लागल्या होत्या तेव्हा. काचेमागे दहा प्रकारच्या जमिनी उभ्या करून ठेवलेल्या, नवऱ्या मुलींसारख्या. विक्रेता रतन नावाचा तरुण होता. बोलताना हातानं फळी कुरवाळायचा.

"कोपरचे ना? आठवतात की. नवरा-बायको दोघं आलेले. ताईंना फिकी, पातळ फळी आवडलेली. मी सगळं समजावून सांगितलं. खोकी उघडून खोलीत काही दिवस पडू द्या, लाकडाला घरच्या हवेची सवय होऊ दे. भिंतीपासून बोटभर जागा सोडा, लाकूड फुगतं, ती जागा वरून पट्टीनं झाका. एका भिंतीपासून सुरू करा. प्रत्येक फळीला एका बाजूला जीभ असते, दुसऱ्या बाजूला खाच. ह्याची जीभ त्याच्या खाचेत ठोकत जायचं."

"आणि मधलीच एखादी फळी काढायची झाली तर?"

"नाही निघत, साहेब. फोडावी लागते. अख्खी काढायची तर शेवटच्या ओळीपासून एकेक उकलत मागे यावं लागतं."

"बरं. पण घरात तर गडद, जाड फळ्या आहेत."

"तीच तर कटकट! उघडलेली खोकी परत घेऊन आले, एकटेच. म्हणाले, पातळ नको, सगळ्यांत जाड द्या. रंगाचं काही नाही म्हणाले. आणि काय केलं माहितीय? दोन खोक्यांवर फळीची दोन टोकं टेकवली आणि मधे स्वतः उभे राहिले. वाकते का बघायला. मी म्हटलं, अहो, सपाट जमिनीवर टाकणार ना, मग वाकेल कशाला?"

"मग?"

"मग काय, रडायला लागले. दुकानात! मला वाटलं, घरात कुणी गेलं असेल."

बाहेर आल्यावर हे उसाच्या रसाच्या गाडीपाशी थांबले. रस घेतला आणि प्यायले नाहीत.

"विमल, मला माहीत आहे देवी कुठे आहे. कुणी ठेवली तेही. सांगितलं तर त्या पोरीवरचा आळ जाईल, आणि घर मोडेल. न सांगितलं तर घर राहील, ती जाईल."

"मग विचार कसला करताय?" मी ओरडलेच. रसवाल्यानं वळून पाहिलं. "पोटुशी पोर चोर म्हणून रस्त्यावर काढतील! जे मोडायचं ते मोडू दे!"

५

पौर्णिमा तोंडावर आली होती. आम्ही कोपरला पोचलो तेव्हा मालूची बॅग दारात ठेवलेली होती. गुणाजी होता, जनाबाई होती, कान्हा भिंतीशी बसला होता. खिडकीतून ऊन नुकतं आत येत होतं.

टक.

"घाबरू नका," हे म्हणाले. "ही देवी नाही. हे लाकूड आहे. ऊन खिडकीजवळच्या ओळीवर पडतं, ती फुगते, शेजारच्या ओळीला रेटते. ती पुढच्या ओळीला. म्हणून आवाज चालत येतो. नव्या जमिनीत होतं असं."

टक... टक. आवाज खोलीच्या मध्यावर आला. कुणीही हललं नाही. कारण समजलं म्हणून भीती जाते, असं ज्यानं सांगितलं त्यानं तो आवाज ऐकला नसावा.

"पण चालणारा माणूस कधी इकडे थांबेल, कधी तिकडे. ही पावलं रोज एकाच जागी संपतात, आणि तिथला आवाज निराळा."

ठक्.

"तिथं फळीच्या खाली आधार नाही. पोकळ आहे. उखळ तिथंच होतं ना, जनाबाई? ते सिमेंटनं भरलं, असं कान्हा सांगतो. पण गोणी आली एकच, आणि ती पडवीत शिवलेल्या तोंडानं पडली आहे. म्हणजे उखळ भरलेलं नाही. आणि आत काय आहे, ते मुंग्या सांगतात. हळदीचे तांदूळ. खाली ओटी भरली आहे. चोर देवी नेतो, तिची ओटी भरत बसत नाही."

जनाबाईचा श्वास घुरघुरत होता. "कोनी?" ती म्हणाली.

"खिडकीजवळची ओळ बघा. बाकीच्यांपेक्षा अरुंद आहे, उभी कापून उरलेल्या जागेत बसवलेली. म्हणजे काम तिथं संपलं, आणि देव्हाऱ्याच्या भिंतीपासून सुरू झालं. उखळावरच्या ओळी पहिल्या दिवशीच्या. नंतर कुणाला तिथं काही लपवायचं असतं तर सगळी जमीन उकलावी लागली असती. मालू आली तेव्हा शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या. पहिल्या दिवशी ती मोहन्याला होती, तुम्ही गुणाजींकडे, गुणाजी समुद्रावर. घरात माणूस एकच होता. आणि त्यानंच दुकानात जाऊन पातळ फळ्या बदलून जाड आणल्या. पोकळीवर वाकू नयेत म्हणून."

मी मालूकडे पाहिलं. ती कान्हाकडे पाहत होती. तिला आमच्या आधी कळलं असावं. रडण्याचा अर्थ बायकोइतका कुणाला कळतो?

"काढताना पहार सुटली," कान्हा म्हणाला. "देवीचा पाट सैल करत होतो. मुखवटा उखळाच्या कडेवर ठेवलेला. बरोबर त्याच्यावर पडली. जुनी झिजलेली चांदी, दोन तुकडे. आई मेली असती, काका. मान गेला असता, माझ्या हातानं. मी खाडीवर घेऊन गेलेलो सोडायला, नाही सोडवलं. म्हटलं, तिच्याच घरात राहू दे, तिच्याच जागी. चोरीला गेली म्हटलं की नवीन करता येते. मला वाटलं, कुणी भुरटा चोर होता म्हणून सगळे सोडून देतील. मालूचं नाव येईल असं..."

"आलं की," मालू म्हणाली.

६

"उघड," ती पुढे म्हणाली. "मला बघायचीय."

कान्हानं खिडकीपासून सुरुवात केली. एकेक फळी कुरकुरत निघत होती. ज्या हातांनी एवढ्या निगुतीनं जमीन बसवली तेच हात ती उकलत होते, आणि सांगते, मला त्याची दया आली, राग होता तरी आली. शेवटची फळी निघाली तेव्हा खालून कुजक्या नारळाचा वास आला. उखळात हिरवा खण होता, त्यावर तांदूळ, मुंग्या, आणि त्याखाली देवी. कपाळापासून हनुवटीपर्यंत दुभंगलेली. दोन्ही डोळे मात्र शाबूत होते, आणि छताकडे बघावं तसे वर आमच्याकडे बघत होते. मी नजर वळवली.

गुणाजीनं टोपी काढली. जनाबाईनं दोन्ही तुकडे ओटीत घेतले.

"गुणाजी," ती म्हणाली, "पालखी तुजे दारी जाईल आता. जा, सांग पाड्यात."

"आई!" कान्हा ओरडला. गुणाजी बाहेर गेला. मान मिळालेला माणूस इतका ओशाळलेला मी पाहिला नाही.

मालू नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. "सगळे मला चोर म्हणत होते तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते, कान्हा. रोज. एवढंच विचारते, एकदा तरी तुझ्या जिभेवर आलं होतं का?"

"रोज यायचं," तो म्हणाला.

"आणि?"

ती दाराशी गेली आणि बॅग उचलायला वाकली. आम्ही आळ काढायला आलो होतो, आणि पोर तरीही निघाली होती.

पण बॅग तिच्या हाती आलीच नाही. जनाबाईनं देवीचे तुकडे देव्हाऱ्यात ठेवले होते आणि ती धापा टाकत पुढे येऊन बॅगेचा बंद धरून उभी होती.

"ठेव. मी घेते."

"आई, मी राहणार नाही."

"नको राहू. मी कुटं राहा बोलते?" म्हातारीनं पदर खोचला. "मोहन्याला तुजे आयबापाकडं मीच सांगावा धाडला व्हता, तुमची पोर चोर हाय म्हनून. आता मीच जाते. तुजे बापाचे दारात उभी राहून सांगते, चोर माजा पोऱ्या व्हता. सगला गाव ऐकंल असा सांगते. मंग तुला यावासा वाटला तर ये, नायतर नको येऊ."

मुलाची आई व्याह्याच्या दारात मान खाली घालून जाते, हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. कान्हा उठायला गेला तर तिनं हातानंच त्याला बसवलं.

मालू उंबऱ्यात उभी होती. जनाबाई बॅग घेऊन अंगणात उतरली, चार पावलांत तिला धाप लागली, ती थांबली आणि मागे वळून पाहिलं.

"मालू," ती म्हणाली, "येतेस ना गो? मना रस्ता ठाव नाय."

आमच्या डोळ्यांदेखत मालू पायऱ्या उतरली आणि बॅगेचा दुसरा बंद तिनं हातात घेतला.